मागच्या चाकातली लोकर

गाठ कापून झाली आणि मग मला कळलं, की ती कापायला नको होती. ब्लेड अजून माझ्या चिमटीत होतं. सायकल अंगणात उताणी, मागचं चाक काढून मी मांडीवर घेतलेलं, समोर रॉकेलची वाटी. वसंतातला वारा एका जागी बसत नाही, तो रॉकेलचा वास घरात नेत होता आणि घरातून बायकोचा आवाज बाहेर आणत होता, "दार ओढून घ्या म्हटलं होतं ना!" मी चाकाच्या एक्सलवरचा नट सोडवला होता, छर्रे दाबून धरणारा कोन फिरवून काढला होता, आणि कोनाखाली एक्सलला गुंडाळलेले लोकरीचे तीन वेढे होते, ते सुईने उचलून, गाठीवर ब्लेड फिरवून रॉकेलमध्ये टाकले होते. मग नऊ छर्रे. चाक उलटं केलं, तिकडचे नऊ. हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीतल्या, छर्ऱ्यांच्या दोन्ही वाट्या फडक्याने पुसून लख्ख केल्या. हे सगळं हातांनी केलं, मी तिथे नव्हतो. मी त्या वेळी उद्याच्या दवाखान्याच्या खेपेचा विचार करत होतो. आधी पुसायचं, मग बघायचं, असं आमच्या बाबांनी शिकवलेलं. घाणीत बघणारा अंदाज करतो, म्हणायचे, आणि अंदाज करणाऱ्याने सायकलीला हात लावू नये. तसं मी आधी पुसलं. मग बघितलं.

वाट्या आरशासारख्या होत्या. सायकल दोनशे मैल चालली की वाटीत छर्ऱ्यांची वाट पडते, नखाला लागेल अशी बारीक रेघ. इथे रेघ नव्हती, रेघेची नुसती सुरुवात होती, श्वास टाकला तर दिसेल एवढी. अठराही छर्रे सारखे, एका पुडीतले. आणि रॉकेलच्या तळाशी ती लोकर हळूहळू फुगत होती, वंगणाचा पिवळेपणा सोडत होती, लाल होत होती. लाल बघितल्यावर माझा हात थांबला. आईचा एक लाल स्वेटर होता. तो कोपरांत फाटल्यावर बाबांनी मागून घेतला होता आणि त्यांच्या सायकलच्या दुकानात एका डब्यात तो उसवून लोकरीचा गुंडा करून ठेवला होता. हब भरला की कोन बसवण्याआधी त्या लोकरीचे तीन वेढे वंगणात बुडवून एक्सलला द्यायचे, धूळ आत जाऊ नये म्हणून, आणि शेवटी एक गाठ. बाबा डावखुरे होते. त्यांची गाठ उलटी बसायची. गावात दुसरं कुणी लोकर घालत नव्हतं; इतरांना वाटायचं, कुठे नसती उठाठेव, आतलं कोण बघतंय? बाबा म्हणायचे, "हबच्या आत देव बघतो आणि मी बघतो. तिसऱ्याला काय करायचंय?" आता तिसरा मी होतो. उलटी गाठ मी माझ्या सरळ हाताने कापली होती, आणि ती उलटी होती हे कापताना बोटांना जाणवलं होतं, डोक्याला नाही.

सायकल कुणाची ते सांगायला हवं. ती एका मोठ्या लेखकाची. मी अकरा वर्षांचा असताना तो आमच्या दुकानात आला, सायकल पूर्ण खोलून, नव्या वाट्या-छर्रे घालून भरून मागितली, आणि वसंत ऋतूत तिच्यावरून एकटाच खेड्यापाड्यांतून नऊ दिवस हिंडून त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. ते पुस्तक ज्याने वाचलं नाही असा माणूस मला भेटलेला नाही. शाळांमधून लावतात ते. त्यातलं तिसऱ्या दिवसाचं प्रकरण सगळ्यांना जास्त आवडतं, कारण ते विनोदी आहे. त्यात एक सायकलवाला मिस्त्री आहे, तोंडात सुपारीसारखा एक छर्रा घोळवत बोलणारा, आणि त्याला काहीही विचारा, तो एकच उत्तर देतो: "नवे छर्रे घातलेत, साहेब!" ब्रेक लागेल ना? नवे छर्रे घातलेत, साहेब. पाऊस आला तर? नवे छर्रे घातलेत, साहेब. आणि तिसऱ्या दिवशी, निर्मनुष्य माळावर, मागचं चाक कडकडतं आणि आतून निघतात ते गंजलेले, अर्धे फुटलेले, बाबा आदमच्या काळातले छर्रे. एक लोहार देवासारखा धावून येतो, हब खोलतो, पिठाच्या गिरणीतले छर्रे बसवून देतो, पैसे घेत नाही. मग लेखक लोहाराविषयी चार पानं लिहितो, ती वाचताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. आधी हसू, मग पाणी. पुस्तक असंच असावं लागतं म्हणतात. तो मिस्त्री म्हणजे आमचे बाबा. त्यांच्या तोंडात छर्रा कधी नव्हता. दोन दात पडले होते, त्यामुळे गाल हलायचा.

आणि ते पुस्तक बाबांना पहिल्यांदा वाचून दाखवलं मी. लेखकाने टपालाने प्रत पाठवली होती, पहिल्या पानावर सही, वर लिहिलेलं, 'ज्यांच्या छर्ऱ्यांवाचून हे पुस्तक झालंच नसतं, त्यांना.' बाबांना अक्षर लावून वाचता यायचं, पण वेळ लागायचा. ते चाकाचा बाक काढत बसले होते. फिरत्या रिमजवळ खडू धरायचा, जिथे रिम खडूला लागेल तिथल्या तारा सैल-घट्ट करायच्या, असं ते काम. "वाच," म्हणाले, "मोठ्याने वाच, रस्त्यावर ऐकू जाऊ दे." पुस्तकात आपण आहोत याची केवढी ऐट! पहिला दिवस वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यात मिस्त्री आला आणि मला हसू आवरेना. मी हसत हसत वाचत गेलो, वाक्य आलं की बाबांच्या आवाजात म्हणायला लागलो. बाजूचा शिंपी हसला, पंक्चर काढायला आलेला एक गवळी हसला. बाबांच्या हातातलं चाक फिरत होतं, खडू तसाच धरलेला, रिमवर पांढरी रेघ जाड होत चाललेली. प्रकरण संपल्यावर ते म्हणाले, "नवे घातले होते रे." शिंपी आणखीच हसला. मी म्हणालो, "बाबा, छापलंय ते. छापलेलं कसं खोटं असेल?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं, काय पाहिजे आपल्याला, तसं बघितलं. मग रिमवरची खडूची रेघ पुसायला घेतली.

त्यानंतर दुकान बुडालं असं म्हणता येणार नाही. बुडायला निदान पाणी लागतं. ते हसण्यात विरलं. माणसं येत, पुष्कळ येत, लांबून येत, पण सायकल न घेता. "काय मिस्त्री, नवे घातलेत ना?" म्हणत आणि हसून जात. सायकल समोरच्या दुकानात टाकत. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण ज्या दुकानावर आपण हसतो, तिथे आपल्या पोराचा ब्रेक कोण दुरुस्त करून घेईल? बाबा पहिली दोन वर्षं सांगत राहिले, नवे घातले होते, हवं तर हब खोलून बघा. आणि ते जेवढं सांगत तेवढं लोकांना वाटे, अगदी पुस्तकातलाच माणूस आहे हो! त्यांचं खरं तेच वाक्य होतं. लेखकाने ते आधीच उचलून नेलं होतं आणि आता बाबांकडे दुसरं वाक्य नव्हतं. पुढे ते गप्प झाले. कारखान्याच्या फाटकाशी सायकली ठेवायची जागा होती, तिथे बिल्ले वाटायला बसत. छातीच्या दुखण्याने गेले. आजारपणात एकदा मला म्हणाले, "ती सायकल कुठे असेल रे आता?" मी म्हणालो, लेखकाच्या स्मारकात आहे, काचेच्या पेटीत. "उघडत नाहीत ना?" "काय?" "पेटी." मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाले. मला वाटलं, लाज वाटते म्हणून विचारतायत. त्यांच्या पायाशी बसून मी असं समजलो. आज इतक्या वर्षांनी अंगणात मला कळतंय, की त्यांना वाटत होतं, पेटी बंद आहे तोवर खरं आत आहे. लोकर आत आहे. आणि पुस्तक आल्यापासूनच्या या पन्नास वर्षांत मी काय करत होतो? मी छर्रेंचा मुलगा होतो. नोकरीला गेलो तेव्हा साहेबाने नाव-गाव विचारलं, मी म्हणालो, पुस्तकातले ते छर्रेवाले मिस्त्री, त्यांचा मुलगा. साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. नोकरी लागली. लग्नात सासऱ्यांना तसंच सांगितलं. ते नाव मी नाण्यासारखं वापरलं, जिथे अडलं तिथे काढलं. आणि हसलो, प्रत्येक वेळी त्यांच्या आधी हसलो, म्हणजे लागत नाही.

बायको बाहेर आली तेव्हा मी रॉकेलमध्ये बोटं घालून बसलो होतो. तिला सांगितलं. तिने पदराला हात पुसत सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मग हे कापायच्या आधी नाही का बघायचं?" बायका असंच बोलतात, सुईवर बोट ठेवून. "फोटो तरी काढायचा." मी म्हणालो, आता काय उपयोग. "उपयोग कसा नाही? जा त्या स्मारकाच्या चिटणिसांकडे. म्हणावं, असं असं आहे." मग म्हणाली, "मामंजी माझ्याशी कधी मोठ्याने बोलले नाहीत. पण माझ्या शिलाई मशीनला त्यांनी तेल घातलं ना, ते अजून बोलत नाही बघा." लोकर मी काडेपेटीत घातली आणि गेलो.

स्मारक समितीचे चिटणीस माणूस गोड. सायकल दुरुस्तीला माझ्याकडेच पाठवायची ही कल्पना त्यांची: पन्नासावं वर्ष, लेखक गेला त्याच वाटेने वीसजणांनी सायकलींनी जायचं, लोहाराच्या गावापर्यंत तीन दिवस, तिथे दगड बसवायचा, आणि मूळ सायकलीवर कोण बसणार, तर छर्रेंचा मुलगा. वर्तमानपत्राला हेच हवं असतं. मी काडेपेटी त्यांच्या टेबलावर उघडली. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "लोकर," म्हणाले. मी सगळं सांगितलं, गाठ कशी उलटी होती, हब उघडलाच गेला नव्हता, तर लोहाराने छर्रे बदलले कसे. ते प्रेमाने ऐकत होते. "अहो छर्रेसाहेब, आता मला सांगा, गाठ कुठेय?" "कापली." "कुणी?" "मी." "छर्रे?" "धुतले." "वाट्या?" "पुसल्या. पण त्या बघा ना, कोऱ्या आहेत." "मधल्या काळात कुणी बदलल्या असतील. स्मारकात आली तेव्हा रंगबिंग दिला होता म्हणतात." त्यांनी काडेपेटी हलकेच बंद करून माझ्या हातात दिली. "आणि समजा असलं तरी, अहो, तुमच्या वडलांना त्यांनी अमर केलंय. माझ्या वडलांना कोण ओळखतं? मामलेदार होते." मी उठलो. दारातून ते म्हणाले, "पण धुवायला नको होते हो. मूळ वंगण गेलं. ते पण काचेत ठेवता आलं असतं."

सायकल मी भरली. तेच छर्रे, कारण त्यांना काही झालेलं नव्हतं. लोकर बायकोने तिच्या सुयांवरच्या विणकामातून तोडून दिली, राखाडी. तीन वेढे दिले. गाठ डाव्या हाताने मारून बघितली, जमली नाही, सरळच मारली. मग चाक बसवून फिरवलं. बाबांची एक कसोटी होती. चाकाला एक टिचकी द्यायचे आणि प्रार्थनेचं एक कडवं म्हणायचे, तोंडातल्या तोंडात. कडवं संपायच्या आत चाक थांबलं तर पुन्हा खोलायचे. गाणं मला त्यांच्याकडूनच आलं. अजून मी दर आठवड्याला प्रवचनाला जातो, ते सुद्धा गाऊन सांगणाऱ्यांच्या. नुसतं बोलून सांगितलेलं मला पटतं; गायलेलं आत जातं. पण त्यातही एक भय आहे. प्रवचनकार धृपद सुरू करतो, पहिला शब्द टाकतो, की उरलेलं सगळी सभा म्हणून मोकळी होते. म्हणताना अर्थ कुणाच्या मनात नसतो, चाल असते. पंचवीस वर्षं मी 'मला क्षमा कर' असं जोरात गात आलोय, आणि क्षमा कशाची मागतो हे त्या दिवशी चाक फिरताना पहिल्यांदा डोक्यात आलं. चाकाला आवाज नव्हता. कडवं संपल्यावरही ते फिरत होतं.

निघालो तेव्हा झाडांना नवी पालवी होती, ती अजून हिरवी झाली नव्हती, तांबूस, ओलसर, जन्मलेल्या पोराच्या तळव्यासारखी. पुढे चिटणीस, कमरेला पाण्याची बाटली, प्रत्येकाच्या सायकलीवर कापडी झेंडा, त्यावर लेखकाची सही. बरीचशी शिक्षक मंडळी, दोन बँकेतले, एक दातांचे डॉक्टर. सगळ्यांना पुस्तक पाठ. "इथे त्यांना खंड्या दिसला होता," म्हणून थांबायचे, झाडात खंड्या शोधायचे. मी मधोमध, मूळ सायकलीवर, आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी शेजारी येऊन हळूच विचारी, "काय, नवे घातलेत ना?" मी हसायचो. तोंड सवयीने हसत होतं, मी त्याला अडवत नव्हतो. खाली मागचं चाक गुपचूप फिरत होतं, आणि मला सारखं वाटत होतं की ही वाट सायकल पहिल्यांदाच बघतेय. तिला सांगितलंय की तू इथून गेलीस, आणि ती बिचारी ओळख पटवायचा प्रयत्न करतेय, म्हातारपणी माहेरच्या माणसांत नेऊन बसवलेल्या बाईसारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लांबच लांब रस्ता लागला. पुस्तकात त्याचं वर्णन आहे, शिक्षकांनी ते सायकल चालवता चालवता म्हटलं: 'तळहातासारखी सपाट वाट, सायकल आपणहून धावत होती, मी केवळ साक्षी होतो.' दिसायला सपाटच. पण दहा मिनिटांत दातांच्या डॉक्टरांचं तोंड उघडं पडलं, बँकेतले उतरून चालायला लागले. तो चढ होता. डोळ्याला न दिसणारा, मैलोगणती चालणारा, मांड्यांत शिसं ओतणारा चढ. मोटारीतून जाणाऱ्याला तो कधीच कळणार नाही. पेडल मारणाऱ्याला त्याच्याशिवाय दुसरं काही कळणार नाही. मला घाम येत होता आणि कळत होतं, इथून पेडल मारत गेलेला माणूस याला सपाट म्हणणार नाही. साक्षी होतो म्हणे! चिटणीस धापा टाकत मागे आले. "वारं समोरचं आहे आज," म्हणाले. मी म्हणालो, "चढ आहे." "छे हो! सपाट आहे." "तुमचे पाय काय म्हणतात?" ते हसले. "पायांचं काय ऐकायचं, वय झालं." वीसजणांचे चाळीस पाय सांगत होते आणि मला सोडून एकोणीस जणांनी पुस्तकाचं ऐकलं. मला राग आला नाही. अकरा वर्षांचा असताना मी तरी कुणाचं ऐकलं होतं?

लोहाराच्या गावी तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. गाव म्हणजे एक वळण, पाच-पन्नास घरं. वळणावर नवा दगड बसवलेला, त्यावर लोहाराचं नाव काळ्या रंगात भरलेलं, रंग ओला, म्हणून कडेने दोरी बांधलेली. कार्यक्रमाला दोन तास होते. मंडळी सावलीत आडवी झाली. मी लोहाराच्या घराच्या ओट्यावर टेकलो. आत भिंतीवर लोहाराचा फोटो, घण हातात, वर्तमानपत्रातून मोठा केलेला. त्याची मुलगी असते घरात, सत्तरीची, एकटी. तिने पाणी आणून दिलं आणि सायकलीकडे बघत राहिली. तिने सायकलीला हात लावला नाही, लांबूनच बघितलं, आणि म्हणाली, "रंग बदलला वाटतं. तेव्हा हिरवी होती." पुस्तकात काळी आहे, म्हणून आता काळी. बाबांनी भरली तेव्हा ती हिरवीच होती, मला आठवतंय, मी तिचं मडगार्ड पुसलं होतं. मी म्हणालो, "ताई, तुम्ही तेव्हा होता?" "होते की. वीस वर्षांची होते. दुधाच्या गाडीतून उतरवली ना इथेच." आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. ती खाली बघून ओट्यावरचं नसलेलं पाणी पदराने टिपायला लागली.

"मी त्या मिस्त्रींचा मुलगा," मी म्हणालो. "पुस्तकातल्या." रस्त्यावर कुणीतरी लाउडस्पीकर तपासत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन. मग ती माझ्या समोर उंबऱ्यावर बसली. "माणूस वाईट नव्हता हो," म्हणाली. "पहिल्याच दिवशी पाय सुजले होते त्याचे. सवय नाही, शहरातला माणूस. दूधवाला पुढे जात होता, त्याने घेतलं गाडीत, सायकल मागे आडवी बांधलेली. इथे गाडी थांबली तेव्हा माझ्या बापाने त्याचे पाय गरम पाण्यात घालून बसवलं, दोन दिवस ठेवून घेतलं. पोराला ठेवावं तसं. जाताना रडला तो, परतीच्या दुधाच्या गाडीत बसून." "आणि चाक?" "चाकाला काय धाड भरलीय? बापाने बघितलं होतं फिरवून. म्हणाला, हे ज्याने भरलंय त्याचे हात धुऊन पाणी प्यावं." हे तिने सहज सांगितलं. माझ्या हातात पेला होता, तो मी खाली ठेवला, नीट, काठाशी काठ लावून, उगाच. ती सांगत होती, पुस्तक आलं तेव्हा बापाला आधी कळेना, मी कधी छर्रे बदलले? मग लोक यायला लागले, हार घालायला लागले. "मग बापच सांगायला लागला. रोज सांगायचा. शेवटी शेवटी त्याला वाटायचंच की बदलले. गिरणीतले कुठले, ते पण दाखवायचा. मी काय म्हणणार? भाऊ, आमच्या घराला कुणी विचारत नव्हतं. त्या वर्षी पहिल्यांदा गावच्या पाटलाने माझ्या बापाला खुर्ची दिली."

मी विचारलं, चार माणसांत सांगाल का. मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू विचारलं गेलं. काडेपेटी खिशात होती, ती मी बाहेरून दाबत होतो. "काय सांगू?" ती म्हणाली. "एवढंच, की दुधाच्या गाडीतून आले." तिने रस्त्यापलीकडच्या दगडाकडे बघितलं. "माझ्या बापाचं नाव आज सकाळी भरलंय त्यात. वाळलं पण नाही अजून. मीच पुसू?" पुसू म्हणाली ती, आणि माझ्या नखांत अजून राहिलेला रॉकेलचा वास मला आला. "तुमचा बाप हसण्यात गेला, भाऊ. माझा कौतुकात गेला. खरा लोहार कसा होता ते मला सोडून कुणाला माहीत नाही. कुलपं चांगली करायचा तो. कुलपाचं कुणी लिहिलं नाही." मग उठली, आत गेली, आणि मला वाटलं संपलं. ती परत आली ती माझा पेला भरून. "प्या," म्हणाली, "दमलात. तो चढ वाईट आहे."

कार्यक्रम उन्हं कलताना झाला. चार खुर्च्या, सतरंज्या, सगळं गाव. लोहाराची मुलगी पुढच्या रांगेत, धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर हार. भाषणं झाली, दगडावरची दोरी सोडली, खंड्याविषयी एक कविता झाली. मग चिटणीस म्हणाले, आता ज्यांच्या दोन शब्दांची आपण सगळे वाट बघतोय, आणि ते दोन शब्द कोणते हे आपल्याला माहीत आहेच! लोक आधीच हसू धरून बसले होते, जेवणाआधी लाळ धरावी तसं. मी उभा राहिलो. तीन दिवस मनात जुळवलेलं होतं, वाट्या, रेघ, लोकर, गाठ, सगळं क्रमाने. समोर बघितलं तर ती हार चाचपत होती, डोकं खाली. मला तिचं काही सांगायचं नव्हतं. दुधाची गाडी माझ्या तोंडून निघणार नाही हे माझं ओट्यावरच ठरलं होतं. मग उरलं काय? उरलं ते एक वाक्य, जे बाबांकडेही उरलं होतं. मी पन्नास वर्षांत ते एकदाही माझं म्हणून बोललो नव्हतो. नकलेत बोललो होतो. आता खरं बोलायचं ठरवलं. मी म्हणालो, "माझ्या वडलांनी या चाकात नवे—"

"छर्रे घातलेत, साहेब!" सगळी सभा म्हणाली. एका सुरात, एका दमात, म्हाताऱ्यांसकट, शिक्षकांसकट, कडेवरच्या पोरांसकट. आणि हसू फुटलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टी वाजवली. मी थांबलो. हसू ओसरलं की पुढचं बोलू म्हणून थांबलो, आणि थांबलेला बघून लोक पुन्हा हसले. गाल दुखायला लागले तेव्हा कळलं, मीही हसतोय. तोंड त्यांच्या आधीच सुरू झालं होतं. चिटणिसांनी मला मिठी मारली, "वा! अगदी वडलांचा आवाज!" आणि उत्साहाच्या भरात सायकल स्टँडवर चढवून मागच्या चाकाला जोरात हात मारला, बघा, बघा, अजून फिरतंय! लोकांनी क्षणभर बघितलं. फिरतं चाक ते काय बघायचं? चहा आला होता. सतरंज्यांवरून माणसं उठली, शेजारच्या मांडवाकडे गेली, खंड्याची कविता करणाऱ्यालाही कुणीतरी ओढून नेलं. मी खिशातल्या काडेपेटीवरचा हात काढला आणि तोंडातल्या तोंडात ते कडवं म्हणायला लागलो, बाबांच्या लयीत, अजिबात घाई न करता. कडवं संपलं. चाक फिरत होतं. मी दुसरं घेतलं. समोरच्या रांगेत ती एकटीच बसून राहिली होती, हार मांडीवर तसाच, आणि माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत होती. आवाज अजिबात नव्हता. एवढ्या मोकळ्या जागेत आम्ही दोघंच ते बघत होतो, आणि त्यातल्या एकाचं सांगून झालं होतं, दुसरी सांगणार नव्हती.